देसाईगंजचे वीस तास

२६ मार्च १९७२ची रात्र. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. साडेदहानंतर एक आदिवासी मुलगी पोलीस ठाण्यातून बाहेर आली आणि तिने सांगितलं की, आत पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला. सोबतचे लोक तिला त्याच रात्री एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, ठाण्यात जाऊन तक्रार द्या.

ज्या ठाण्यातून ती आली होती, त्याच ठाण्यात.

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो खटला. मुलीचं नाव तेव्हा देशभर गाजलं. पण पीडितेची ओळख जाहीर करायला १९८३मध्ये कायद्याने बंदी घातली, म्हणून ते इथे घेत नाही. संमतीच्या अंगाने या खटल्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातल्या घड्याळाकडे बघायचंय.

तिची वैद्यकीय तपासणी झाली २७ मार्चला रात्री आठ वाजता. डॉक्टरांनी वयाचा अंदाज चौदा ते सोळा असा दिला, अंगावर जखमा नाहीत असं लिहिलं, ‘दोन बोटांची’ चाचणीही केली. दोन स्लाइड सीलबंद होऊन रासायनिक परीक्षकाकडे गेल्या. त्यांवर वीर्य सापडलं नाही. तिच्या कपड्यांवर आणि एका आरोपी शिपायाच्या पायजम्यावर मात्र सापडलं.

१९७४मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. १९७६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. स्लाइडवर काही का मिळालं नाही, याचं उत्तर उच्च न्यायालयाने सरळ दिलं: तपासणी सुमारे वीस तासांनी झाली, मधल्या वेळात तिने अंघोळ केली असण्याची शक्यता आहे. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा सोडलं. जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, असा तर्क.

१९७९मध्ये या निकालाविरुद्ध चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. मोठा बदल होता. पण त्या वीस तासांबद्दल कायदा गप्पच राहिला.

तो बोलला २००५च्या दुरुस्तीत, जी जून २००६मध्ये लागू झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६४-अ आलं: माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत पीडितेला तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठवायचं, तिची संमती घ्यायची, आणि तपासणी किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, हे अहवालात लिहायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टाइमस्टॅम्प म्हणतो, तो या पुराव्याला कायद्याने मिळायला देसाईगंजनंतर चौतीस वर्षं लागली.

वेळ नोंदवली म्हणजे काम नीट झालं असं नाही. २०१०मध्ये सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजीत खांडेकर यांनी या तपासण्यांचा दर्जा किती वाईट आहे, यावर अहवाल लिहिला. प्रकरण नागपूर खंडपीठासमोर गेलं. २०१४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन बोटांची चाचणी बंद. घटनेनंतर ९६ तासांच्या आत बाई आली, तर सगळे नमुने घ्यायचे. नमुने वाळवूनच बंद करायचे. कारण ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की त्यांना बुरशी लागते आणि डीएनए खराब होतो.

पुढचा टप्पा म्हणजे ताबा: नमुना कोणी घेतला, सील कोणी केलं, कोणाच्या हातात दिला. पुणेकरांना हे वेगळं समजवायला नको. मे २०२४मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा एका छोट्या बाटलीवर अख्खा खटला कसा टांगलेला असतो ते शहराने पाहिलं.

जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल पाठवायचा आहे आणि बलात्काराचा तपास दोन महिन्यांत संपवायचा आहे. डॉक्टरला मुदत, पोलिसाला मुदत. प्रयोगशाळेला नाही.

मुंबई इलाख्यात सरकारी रासायनिक परीक्षकाचं काम १८७०च्या सुमारास सुरू झालं. आपल्याकडे कोर्टात आजही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो याच जुन्या ‘केमिकल अ‍ॅनालायझर’ पदावरून. आता मुख्य प्रयोगशाळा कलिन्याला आहे, पुण्यातली गणेशखिंडीला. तिथे पोहोचलेल्या नमुन्याचा अहवाल किती दिवसांत यावा, हे संहितेतलं कोणतंही कलम सांगत नाही.

मुदत नसली की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. २००९मध्ये डेट्रॉइट पोलिसांच्या गोदामात न तपासलेले अकरा हजारांहून जास्त संच सापडले. प्रत्येक संच एका बाईच्या काही तासांच्या तपासणीतून आलेला. पुढे अनेक राज्यांनी कायदे केले. टेक्ससच्या २०१९च्या कायद्यात पोलिसांना तीस दिवस आहेत आणि प्रयोगशाळेला नव्वद.

देसाईगंजच्या त्या रात्रीपेक्षा आज एक गोष्ट नक्की बदललीय, आणि ती प्रत्येकाला माहीत असायला हवी. २०१३पासून सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत आणि पोलिसांना आपणहून कळवायचं आहे. आधी एफआयआर आणा, असं म्हणता येत नाही. उपचार नाकारले, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘आधी ठाण्यात जा’ म्हणून परत पाठवणं हा आता गुन्हा ठरू शकतो. स्लाइड सीलबंद होऊन रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडते, त्यानंतरचे दिवस कायद्याने मोजायचे अजून बाकी आहेत.