मोटारीची झळाळी

रविवारी सकाळी मोटार धुणे, पॉलिश करणे आणि तिला मेण लावणे हा विसाव्या शतकातील छंद वाटतो. पण त्याचा उगम बग्गीखान्यात आहे. आरंभीच्या मोटारींना बग्ग्यांप्रमाणेच तेली व्हार्निशाचे थर कुंचल्याने देत, आणि ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. साहजिकच गाडीवानांचा शिरस्ताही मोटारीकडे आला: चिखल अंगावर वाळू द्यावयाचा नाही, उन्हात धुवावयाचे नाही, भरपूर पाणी सोडून मऊ चामड्याने टिपावयाचे.

१९२४ च्या ओकलंड मोटारींवर अमेरिकेत ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. मराठी मुलखातील सुतार चकचकीत रंगाला आजही याच नावाने ओळखतात. तो काही तासांत वाळे. मात्र ऊनपावसाने लवकर निस्तेज होई. मग पॉलिशातील बारीक खराने वरचा मृत थर खरवडून काढणे आले. म्हणजे प्रत्येक झळाळीमागे रंगाचा थोडा क्षय ठरलेलाच!

तो क्षय लांबविण्याचे काम मेणाचे. ईशान्य ब्राझीलमधील कार्नौबा ताड पानांतील ओल टिकविण्यासाठी हे कठीण मेण धारण करतो. पानातले पाणी आत राखणारे तेच मेण मोटारीवर पाणी बाहेर राखते.

१९८० नंतर रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली. तोही पातळच असतो. म्हणून जुना क्रम अजून खरा आहे: आधी धूळ धुवावी, पॉलिश क्वचित करावे, मेण मात्र वेळोवेळी लावावे. पॉलिश रंगातून घेते, मेण रंगाला राखते.