इंटरनेटमुळे किशोरवयीन मुलं खरंच बदलली आहेत का?

"आमच्या वेळी असं नव्हतं!" मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलाकडे बघून हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण बदललं नेमकं काय? मुलांचा स्वभाव, की त्यांच्या भोवतालची परिस्थिती?

मोबाइल किती जणांच्या हातात?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळाच मोबाइलवर भरू लागली. ग्रामीण भारतातल्या 'असर २०२४' पाहणीनुसार १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

जुनं काय आहे?

मित्रमैत्रिणींत भाव मिळावा असं वाटणं, आईवडिलांपासून काही लपवणं, धोका पत्करून बघणं हे सगळं या वयाचंच आहे. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. वहीत लपवलेली चिठ्ठी आणि डिलीट केलेलं चॅट यांमागची भावना एकच असते.

मग नवीन काय?

पूर्वी शाळेत कुणी चिडवलं तरी घरी आल्यावर सुटका व्हायची. आता वर्गाचा ग्रुप रात्री बारालाही सुरू असतो. पूर्वीची फजिती वर्गापुरती राहायची, चार दिवसांत विसरली जायची. आता तिचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो आणि वर्षभरानेही समोर येतो. चूक तीच, पण तिची किंमत वाढली.

मानसिक आरोग्य बिघडतं का?

यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०२४ मधल्या पुस्तकात स्मार्टफोन आणि सोशल मीडियाला मोठं कारण मानलं आहे. याउलट एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं.

अर्थात, ही सरासरी आहे. तुमच्या घरातल्या मुलाची झोप उडाली असेल, तर सरासरीने दिलासा मिळत नाही.

बंदी हा उपाय आहे का?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे ठरलं. विशेष म्हणजे हा नियम फक्त मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनाही लागू होता.

पालकांनी काय करावं?

किती तास, यापेक्षा झोप, अभ्यास, खेळ आणि घरातलं बोलणं टिकून आहे का, हे आधी पाहा. फोन हिसकावण्याची धमकी मात्र जपून द्या. फोटोवरून कुणी धमकावत असेल, तर फोन जाईल या भीतीनेच मूल गप्प बसतं. 'काहीही झालं तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही,' हा शब्द द्या आणि पाळा. मूल अडचणीत असेल, तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.