खैराटची वाडी आणि शंभर डॉलरचा लॅपटॉप

प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप द्यावा, ही कल्पना निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली दावोस येथे जगापुढे मांडली. किंमत शंभर डॉलर सांगितली गेली. उत्पादन सुरू होईतो ती दोनशेच्या घरात पोचली. आम्हांला मात्र किमतीहून कल्पनेचे मूळ महत्त्वाचे वाटते. मूल काही घडवत घडवत शिकते, हा सीमोर पॅपर्ट यांचा विचार तिच्यामागे होता. यंत्र आणि मूल यांच्यामध्ये शिक्षक कोठे उभा राहणार, हा प्रश्न वाटपाच्या उत्साहात मागे पडला.

भारतात तो विचारला गेला. २००६ मध्ये मानव संसाधन विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, असे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला कळवले. (हे सचिव हिंदीतील कवी होते, हे येथे नोंदवावेसे वाटते.)

तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, खैराटच्या वाडीवर प्रयोग झालाच. शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथीची मिळून वीसएक मुले. यंत्रे मुलागणिक आली; शिक्षक एकच.

पेरूने पुढे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा यांत फरक आढळला नाही; यंत्राची अभ्यासक्रमाशी सांगड घालणारी अध्यापनपद्धतीच नव्हती, असे अभ्यासकांना वाटले. बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांत मात्र थोडी प्रगती दिसली. हा निष्कर्ष टीकाकार सहसा गाळतात. वर्गात या विषयावर बोलताना आम्हीही तो गाळत आलो आहोत.