गळाचे नेढे

हॉल आणि नाइट यांचे बीजगणित आपल्याकडील जुन्या मॅट्रिकवाल्या पिढीने घोकले. त्यांपैकी हेन्री सिंक्लेअर हॉल हे इंग्लंडातील क्लिफ्टन कॉलेजात गणित शिकवीत. मासेमारीच्या इतिहासातही त्यांचे नाव आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

हॅम्पशायरमधील टेस्ट व इचेन या नद्या चुनखडीतून झिरपणाऱ्या झऱ्यांवर वाहतात. पाणी अगदी नितळ. तळाच्या गाळात मेफ्लाय या कीटकाची अळी सुमारे दोन वर्षे वाढते. मे-जूनच्या सुमारास ती पंख घेऊन वर येते. या अवस्थेत तिला काही खाता येत नाही. अंडी घालून ती थोड्याच दिवसांत मरते. तेवढ्या अवधीत ट्राउट मासे तिच्यावर तुटून पडतात. त्यांना फसविण्यासाठी गळावर रेशमी दोऱ्याने राफियाचे अंग बांधतात आणि भोवती कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गुंडाळतात. या पिसाच्या आधाराने कृत्रिम माशी तरंगते. भिजली की हवेत हेलकावे देऊन ती सुकवायची आणि माशाच्या वरच्या बाजूस, प्रवाहात, अलगद सोडायची.

अडचण येथेच होती. त्या काळी असा गळ तंतूलाच कायमचा जखडलेला असे. हेलकाव्यांनी तंतू गळापाशी झिजे आणि मेहनतीने बांधलेली माशी वाया जाई. १८७९ च्या सुमारास हॉल यांनी जॉर्ज बँकार्ट यांच्या साह्याने या कामाजोगा बारीक, नेढ्याचा गळ सिद्ध केला. झिजलेले टोक कापून पुन्हा गाठ मारणे आता शक्य झाले.

१८८६ मध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगत्या माशा बांधण्यावर ग्रंथ लिहिला आणि ही कला त्यांच्याच नावाशी जोडली गेली. त्यांचे सहकारी जॉर्ज सेल्विन मॅरियट या कलेत निष्णात होते, पण त्यांनी स्वतःचा ग्रंथ मागे ठेवला नाही. १८९६ मध्ये ते वारले. हॉल तर जगाला बीजगणितामुळेच माहीत राहिले.

यात हॅलफर्ड यांचा दोष आम्हांस दिसत नाही. लिहिणारा लिहितो, म्हणूनच करणाऱ्याचा थोडाफार माग उरतो. आपल्या वाडवडिलांनीही इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास येऊन पुष्कळ कामे हातांनी केली, कागदावर फारशी उतरविली नाहीत. ती सांगणारे कोणी ज्या घरांत अजून आहेत, त्या घरांनी ती लिहून घ्यावीत, एवढीच आमची विनंती.