अमेरिकन मराठी मिशनची घराणी

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासात अमेरिकन मराठी मिशनचा उल्लेख बहुधा छापखाना, मुलींच्या शाळा आणि १८४२ साली अहमदनगरहून निघू लागलेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक या तीन संदर्भांत येतो. या कामांमागे जी कुटुंबे अमेरिकेतून समुद्रमार्गे येऊन मुंबई, अहमदनगर, राहुरी, वडाळे अशा ठिकाणी राहिली, त्यांच्या स्थलांतराकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक या मिशनचा आधार व्यक्ती नसून कुटुंब होते, आणि त्या कुटुंबांना येथे रुजण्यासाठी एक पिढी पुरली नाही.

परदेशी धर्मप्रसारासाठी माणसे निवडून पाठवणारी आणि त्यांचा खर्च चालवणारी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था १८१० साली स्थापन झाली. तिची पहिली तुकडी फेब्रुवारी १८१२ मध्ये निघाली तेव्हा जडसन, न्यूएल आणि नॉट या तिन्ही जोडप्यांची लग्ने होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. म्हणजे या स्त्रियांच्या बाबतीत सासर आणि परदेश ही दोन्ही स्थित्यंतरे एकाच महिन्यात घडली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून कलकत्त्याला पोहोचण्यास चार महिने वा त्याहून अधिक काळ लागला, आणि तेथे उतरताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. आपल्या मुलखात मिशनऱ्यांचा वावर कंपनीला नको होता, शिवाय त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटल्याने अमेरिकन माणसाविषयी संशय आणखी वाढला होता. आश्रयाच्या शोधात मॉरिशसकडे निघालेल्या हॅरिएट न्यूएल यांची मुलगी जहाजावर जन्मली आणि तेथेच गेली; पाठोपाठ ३० नोव्हेंबर १८१२ रोजी एकोणीस वर्षांच्या हॅरिएट मॉरिशसमध्ये वारल्या.

याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचे आदेश निघाले, ते टाळण्यासाठी दोघे कोचीनपर्यंत जाऊन आले, आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे केलेल्या अर्जांमुळे, तसेच लंडनमध्ये कंपनीचे धोरण सैलावल्यामुळे, अखेर त्यांना राहू देण्यात आले. नॉट दांपत्य मात्र आजारपणामुळे १८१५ मध्येच परतले. हॉल यांनी १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुईस यांच्याशी विवाह केला. त्या काळी मराठी शिकू पाहणाऱ्या परदेशी माणसाजवळ विल्यम कॅरी यांचे श्रीरामपूरला छापलेले व्याकरण आणि कोश यांखेरीज फारसे साहित्य नव्हते, मोल्सवर्थचा कोश निघायला १८३१ साल उजाडायचे होते, त्यामुळे भाषा शिकायची ती पंडिताच्या पुढ्यात बसून आणि बाजारात हिंडून. अशा तुटपुंज्या साधनांवर या मंडळींनी १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली आणि १८२६ पर्यंत संपूर्ण ‘नवा करार’ मराठीत छापून काढला, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात खरोखर मोठी आहे.

या कामासाठी घराने काय मोजले, ते हॉल यांच्या शेवटच्या वर्षात स्पष्ट दिसते. मुलांच्या प्रकृतीसाठी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या आणि त्यांपैकी एक मुलगा वाटेतच दगावला. हॉल मागे राहिले आणि मार्च १८२६ मध्ये पुस्तके व औषधे घेऊन नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर गेले. नाशिकला पटकीची साथ भडकलेली होती. जवळची बहुतेक औषधे तेथे वाटून ते मुंबईकडे वळले आणि रात्री धोडी दापूर नावाच्या गावी एका देवळाच्या ओवरीत मुक्कामाला थांबले. तेथे दोन रोगी आधीच पडलेले होते. पहाटे हॉल यांनाही पटकीने गाठले आणि २० मार्च रोजी, दुपारच्या सुमारास, ते गेले. बरोबरच्या पोरसवदा सोबत्यांनी त्यांना तेथेच पुरले. सातासमुद्रापलीकडे असलेल्या पत्नीला ही बातमी कळायला कित्येक महिने लागले असणार, कारण पत्र जहाजाच्याच गतीने जात असे.

अहमदनगरचे ‘स्टेशन’, म्हणजे मिशनऱ्यांनी कायम वस्ती करून भोवतालच्या गावांचे काम पाहावयाचे ठाणे, डिसेंबर १८३१ मध्ये सुरू झाले. ग्रेव्हज, रीड आणि हर्वे यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. हर्वे वर्षभराच्या आतच पटकीने वारले, तर ग्रेव्हज यांना प्रकृतीसाठी पुढे महाबळेश्वरला राहावे लागले. १८२७ साली अविवाहित आलेल्या सिंथिया फरार यांनी मात्र आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला, १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मुलींच्या शिक्षणाचे काम केले. त्यांच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना ते उदाहरण त्यांच्यापुढे होते.

या वस्तीतील सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा होता. मिशन बंगल्यात वाढणारे मूल आयेच्या आणि नोकरांच्या मुलांच्या संगतीत मराठी सहज उचलत असे, परंतु येथील हवा, उच्च शिक्षणाची अडचण आणि येथील चालीरीती मुलांच्या अंगी मुरतील ही आईबापांची धास्ती, या कारणांनी बहुतेक मुलांना लहान वयातच अमेरिकेला धाडण्याचा प्रघात पडला. तेथे ती नातेवाइकांकडे किंवा परिचितांकडे वाढत, आणि आईबापांची भेट दीर्घ रजेवर, ज्याला ‘फर्लो’ म्हणत, ते मायदेशी येतील तेव्हाच होई. दूरच्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्यांनी स्वतःची मुले दूर ठेवावीत, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक विसंगती आहे, आणि मिशनच्या यशाचा हिशेब मांडताना तिला बाजूला सारणे योग्य नाही.

आणि तरीही यांतील कित्येक मुले परत आली. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये पत्नी हॅना यांच्यासह मुंबईस आले होते. १८५४ साली आजारपणामुळे सहकुटुंब मायदेशी परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले आणि हॅना यांनी मुलांना अमेरिकेत एकटीने वाढवले. १८४७ साली मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८७४ मध्ये मिशनरी म्हणून अहमदनगरला आला आणि पुढे अर्धशतकभर तेथे राहिला, तर रॉबर्ट अ‍ॅलन यांचे बंधू एडवर्ड यांनी मुंबईत भायखळ्याची शाळा चालवली. रॉबर्ट अ‍ॅलन यांची पहिली पत्नी अ‍ॅबी ही ‘सूर्यसिद्धांता’चा इंग्रजी अनुवाद करणारे मिशनरी एबनेझर बर्जेस यांची कन्या होती, आणि तिच्या मृत्यूनंतर त्यांनी ज्या केटी यांच्याशी विवाह केला त्या वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातील होत्या. फेअरबँक घराण्याची सोयरीक आधीच ‘ज्ञानोदय’चे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांच्या घराण्याशी जुळलेली होती. अशा सोयरिकींतून एक लहानसा गोतावळा तयार झाला आणि त्यातील माणसांना नगर जिल्ह्याची वाट अमेरिकेतील गावांइतकीच परिचयाची झाली. दुसऱ्या पिढीला १८६९ मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्याने प्रवास सोपा करून दिला हे खरे, तथापि त्यांना परत आणणारी खरी गोष्ट बालपणी ऐकलेली मराठी आणि पाहिलेला मुलूख हीच असावी, असे मानण्यास जागा आहे.

याच ठिकाणी एक तुलना आवश्यक ठरते. अमेरिकन कुटुंबाच्या पाठीशी बोर्डाचे वेतन, बंगला आणि परतीची वाट होती. परंतु १८३९ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेणाऱ्या हरिपंत खिस्ती यांच्यासारख्यांना जात, आप्त आणि गणगोत यांपासून तुटावे लागले, तेही आपल्याच गावाच्या पंचक्रोशीत राहून. मैलांच्या हिशेबात हे स्थलांतर काहीच नव्हते, पण त्यातून मागे फिरण्याची सोय क्वचितच उरत असे. मिशनऱ्यांच्या त्यागाची चरित्रे विपुल लिहिली गेली, त्या मानाने या मराठी कुटुंबांची फारच थोडी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नसती तर धर्मांतराने विस्कटलेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या संसाराचे असे जिवंत चित्र मराठी वाचकाला क्वचितच लाभले असते.

पुढच्या काळात हा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. एडवर्ड ह्यूम यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. अहमदनगरचे मिशनरी अमोस अ‍ॅबट यांचे पुत्र जस्टिन अ‍ॅबट १८८१ पासून सुमारे तीस वर्षे मिशनच्या सेवेत होते आणि निवृत्त होऊन न्यू जर्सीत राहायला गेल्यावर त्यांनी एकनाथ, बहिणाबाई आणि महिपती यांच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. त्यांतील काही खंडांसाठी पंडित नरहर गोडबोले यांचे साहाय्य त्यांना होते, आणि १९३२ मध्ये अ‍ॅबट वारल्यावर महिपतींच्या ‘भक्तविजया’चे भाषांतर पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.