हातची विद्या आणि संसार

सक्करदऱ्याच्या आसपास कोष्टी-विणकरांची जुनी वस्ती. तिथे हातच्या कसबाला कधीच तोटा नव्हता. नागपुरी लुगड्यांचे नाव दूरवर होते. परंतु 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात वाढत गेले, तसतसे हातमागावरचे संसार ओढगस्तीला लागले. या धंद्यात घरच्या बायका कांड्या भरीत, ताण्याला हात लावीत. पण मजुरी मागाची म्हणून घरधन्याच्या हाती पडे. तिला कसब होते, त्याचे मोल मात्र तिच्या पदरात नव्हते.

पांढरपेशा घरातील विधवेची तऱ्हा याहून निराळी. तिला कमाईची विद्याच शिकविलेली नसे. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले आणि अशा स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. आपल्या नागपुरात ही वाट कमलाताई होस्पेट यांनी रुळविली. लहान वयात वैधव्य आले असता त्यांनी डफरिन रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. सुईणपण हलके मानले जाई, त्या काळी हे धाडसच होते. 1921 साली वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृसेवा संघ स्थापन केला. बाळंतिणींची सोय झाली. शिवाय निराधार स्त्रियांना शिक्षण आणि कामही मिळाले. 1961 साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. संघाने 2021 साली शंभर वर्षे पूर्ण केली.

या कार्याचे मर्म एवढेच की, तिथे विद्या अर्धी दिली नाही. शिक्षण, त्याचे प्रमाणपत्र आणि काम करण्याची जागा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून त्यातून पोट भरले.

शिवणवर्ग चालविणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जी केवळ तुरपाई आणि काजे-बटणे शिकते, ती नगावर मजुरी करीत राहते. जी माप घेणे, बेतणे आणि शिलाईचा हिशेब शिकते, ती गिऱ्हाईक स्वतः सांभाळते. म्हणून वर्गात किती नावे आली, एवढ्यावर समाधान मानू नये. शिकून गेलेल्या किती जणींची कमाई त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होते, हे वर्षअखेर मोजावे. विणकराच्या घरी राबलेल्या आपल्या आज्यांना जे लाभले नाही, ते त्यांच्या नातींना तरी लाभावे.