महाराज-खटला आणि एका ज्ञातीचा ठराव

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीच्या गौरवाचेच लेखन असावे, असा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका ज्ञातीच्या अंगाशी आलेल्या ठरावाची हकीकत सांगावयाची आहे.

करसनदास मूळजी हे मुंबईचे कपोळ वाणी, घराण्याने वल्लभसंप्रदायी वैष्णव. २१ ऑक्टोबर १८६० रोजी त्यांनी आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात संप्रदायातील महाराजांच्या आचरणावर, विशेषतः स्त्रीभक्तांशी असलेल्या वर्तनावर, कठोर टीका केली व सुरतेच्या जदुनाथजी महाराजांचा नामनिर्देशही केला. महाराजांनी ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. करसनदासांनी धर्म टाकून दिला नव्हता. प्राचीन शास्त्रांचाच आधार घेऊन ते बोलत होते. जदुनाथजीही वादाला भिणारे नव्हते. विधवाविवाहाच्या प्रश्नावर त्याच वर्षी त्यांनी कवी नर्मद यांच्याशी जाहीर वाद केला होता.

भाटिया ज्ञातीच्या धुरीणांनी सभा भरवून ठरविले, की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो ज्ञातिबाह्य. श्रद्धेचा मान राखावा हा त्यांचा हेतू असेलही. परंतु त्यांनी साक्षीदाराचे तोंडच बंद करू पाहिले. १८६१ मध्ये त्याबद्दल न्यायालयाने दोघा पुढाऱ्यांना प्रत्येकी १००० व इतरांना प्रत्येकी ५०० रुपये दंड ठोठावला.

मुख्य खटला २५ जानेवारी १८६२ पासून सुप्रीम कोर्टात चालला. हायकोर्ट अद्याप स्थापन व्हावयाचे होते. मूळचे गोमंतकीय डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वादीच्या व्याधीविषयी साक्ष दिली. वैद्याने रुग्णाचे गुपित उघड करावे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास आजही अस्वस्थ करतो. २२ एप्रिल रोजी निकाल लागला. लेखातील आरोपांची सत्यता सिद्ध झाल्याचे सर मॅथ्यू सॉस व सर जोसेफ आर्नोल्ड या दोन्ही न्यायमूर्तींनी मानले. आर्नोल्ड यांनी तर स्पष्ट सांगितले, की वाद धर्मतत्त्वांचा नसून नीतीचा आहे.

जाणूनबुजून व दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणे हा गुन्हा ठरविणारे २९५-अ हे कलम पुढे १९२७ मध्ये आले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले, ते हेतूच्या याच मर्यादेवर बोट ठेवून. जून २०२४ मध्ये या खटल्यावरील ‘महाराज’ चित्रपटास गुजरात उच्च न्यायालयाने प्रथम स्थगिती दिली व त्याच महिन्यात ती उठविली.

करसनदास १८६३ मध्ये विलायतेस गेले. समुद्र ओलांडल्याबद्दल ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले. १८७१ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले.